एअरसॉफ्ट घ्यायची की एअर रायफल? अचूक नेम हवा असेल तर ‘पॉवर’वर नाही, इथे पैसे खर्च करा!

मोबाईलवर रील येते. अंगावर आर्मीचे कपडे, हातात खऱ्या एम-फोरसारखी दिसणारी रायफल, वर दुर्बीण आणि समोर पन्नास मीटरवर ठेवलेला कॅन एका गोळीत खाली. खाली कमेंटमध्ये शंभर जणांचा एकच प्रश्न असतो. “भाऊ, कुठून घेतली? अपग्रेड काय केलंय?”

छत्रपती संभाजीनगरमध्ये हा प्रश्न विचारणारी पोरं कमी नाहीत. एनडीएची तयारी करून घेणारी एसपीआय ही सरकारी संस्था 1977 पासून याच शहरात आहे. एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल हातात घेतलेली पोरं इथल्या प्रत्येक कॉलेजात सापडतात. बाकीच्यांना बंदुकीचा नाद मोबाईलवरच्या गेममधून लागलेला असतो. मग घरच्यांच्या मागे लागून किंवा पगारातून साठवून पंधरा-वीस हजार जमवले जातात आणि खरेदीला सुरुवात होते.

चूकही इथेच होते. कारण बहुतेक जण दोनच गोष्टी बघून बंदूक निवडतात. दिसायला कशी आहे आणि पॉवर किती आहे.

नेम लागण्याशी या दोन्ही गोष्टींचा संबंध जवळपास नाही. उलट पॉवरच्या मागे लागलं की नेम बिघडतो आणि कायद्याची रेषाही ओलांडली जाते. हे कसं, तेच नीट समजून घेऊ.

एअरसॉफ्ट आणि एअर रायफल, दोन्ही एकच नाही का?

नाही. दोन्हींत हवेचा दाब असतो, पण दोन्हींचं काम वेगळं आहे.

एअरसॉफ्टचा जन्म जपानचा. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं जवळपास अशक्य. म्हणून 1970 च्या दशकात खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी, पण प्लास्टिकची गोळी मारणारी खेळण्यातली बंदूक आली. 1991 मध्ये ‘तोक्यो मारुई’ या कंपनीने बॅटरीवर चालणारी पहिली इलेक्ट्रिक रायफल आणली आणि हा खेळ जगभर पसरला. यातली गोळी 6 मिलिमीटरची, गोल, प्लास्टिकची. वजन साधारण पाव ग्रॅम. दोन टीम डोळ्यांवर गॉगल लावून एकमेकांवर गोळ्या झाडतात, म्हणजे पेंटबॉलसारखाच प्रकार. जपानमध्ये या बंदुकीची ताकद कायद्याने एका ज्युलच्याही आत ठेवली आहे.

एअर रायफलमध्ये शिशाचा छर्रा असतो. माप 4.5 मिलिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आकार बॅडमिंटनच्या फुलासारखा, म्हणजे पुढून जड आणि मागून पोकळ. नळीच्या आत पिळदार खाचा असतात, त्यामुळे छर्रा स्वतःभोवती गरगर फिरत सरळ जातो. ऑलिम्पिकमध्ये 10 मीटरवर जी खेळतात ती हीच.

थोडक्यात, एअरसॉफ्ट माणसांशी खेळायला बनवली आहे. एअर रायफल कागदावरच्या टार्गेटसाठी बनवली आहे. आणि एअर रायफल कधीही, कुठल्याही कारणाने माणसाकडे रोखायची नसते.

आधी कायद्याचं बघा, मग किंमत

भारतात हा विषय ‘शस्त्र नियम 2016’ मध्ये येतो. त्यात एअर रायफलला परवान्यातून सवलत आहे, पण दोन अटींवर. नळीचं माप 4.5 मिलिमीटरपर्यंत हवं आणि ताकद 20 ज्युलपर्यंत हवी. यातली एक अट जरी मोडली, तरी ती बंदूक परवान्याच्या कक्षेत जाते.

आता एअरसॉफ्टचं माप आठवा. 6 मिलिमीटर. ताकद जेमतेम एक-दीड ज्युल असली, तरी नळीच्या मापात ती या सवलतीच्या चौकटीत बसत नाही. म्हणून ‘ही तर खेळणं आहे’ या दुकानदाराच्या किंवा वेबसाइटच्या शब्दावर जाऊ नका. शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आणि ग्रामीण भागात असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा, उत्तर मिळाल्यावरच पैसे भरा. परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टम्समध्ये अडकलं तर बंदूकही जाते आणि पैसेही.

दुसरी गोष्ट दिसण्याची. एअरसॉफ्टची सगळी मजाच ती खरी वाटण्यात आहे, आणि धोकाही तिथेच आहे. 2018 मध्ये संभाजीनगरात लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. तेव्हापासून अशा पार्सलकडे इथले पोलीस संशयाने बघणार, हे उघड आहे. शिवाय सणावाराच्या, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. अशा वेळी बाईकच्या मागे एम-फोर बांधून निघालेला पोरगा खेळायला चाललाय की कुणावर चाल करून, हे नाक्यावरच्या हवालदाराला लांबून कसं कळणार? गच्चीवर बंदूक घेऊन रील काढणाऱ्यांनाही हेच लागू होतं.

एअर रायफल घ्यायची असेल तर अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडूनच घ्या. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा द्या, बिल घ्या आणि बिलाची प्रत बंदुकीच्या पिशवीतच ठेवा. वय 18 च्या आत असेल तर खरेदी आई-वडिलांनीच करायची.

नेम लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

आता मुद्द्याचं. समजा तुम्ही कागदावर एका ठिपक्याकडे रोखून पाच गोळ्या मारल्या. पाचही गोळ्या ठिपक्याच्या दोन इंच डावीकडे, पण एकमेकींना चिकटून लागल्या. दुसऱ्याच्या पाच गोळ्या ठिपक्याभोवती चहूकडे विखुरल्या, त्यातली एक मात्र बरोबर ठिपक्यावर बसली.

कुणाची बंदूक चांगली? पहिल्याची.

डावीकडे जाणारा नेम साईटचा स्क्रू फिरवून मिनिटात सरळ होतो. विखुरलेल्या गोळ्या कुठल्याच स्क्रूने गोळा होत नाहीत. नेमबाज या पाच गोळ्यांच्या झुबक्याला ‘ग्रुप’ म्हणतात. बंदूक निवडताना, छर्रा निवडताना, अपग्रेड केल्यावर फरक पडला का हे बघताना एकच गोष्ट मोजायची, ती म्हणजे ग्रुप किती लहान आहे.

आणि ग्रुप लहान कधी येतो? प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटते तेव्हा. तोच वेग, तीच दिशा, तोच धक्का. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत सीएनसीवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिला जॉब मापात आला याला तिथे किंमत नसते, हजारावा जॉबही त्याच मापात यावा लागतो. रायफलचंही तसंच आहे.

एक साधा हिशेब बघा. 10 मीटरवर एक छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने सुटला आणि पुढचा 180 ने, तर पहिला छर्रा जवळपास 2 मिलिमीटर खाली लागतो. 2 मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण ऑलिम्पिकच्या 10 मीटर एअर रायफल टार्गेटवर मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो! म्हणजे हात दगडासारखा स्थिर असला, तरी बंदुकीचा वेग कमी-जास्त होत असेल तर मेडल गेलं.

मग एअरसॉफ्ट निवडताना काय बघायचं?

ज्यांच्याकडे कायदेशीरपणे एअरसॉफ्ट आहे किंवा जिथे हा खेळ खुला आहे अशा देशात जे मराठी पोरं-पोरी शिकायला, नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी हा भाग.

अपग्रेड करायच्या हिशेबाने बंदूक घेताना पहिला प्रश्न हा विचारा, की हिचे सुटे भाग मिळतात का? म्हणूनच जुनेजाणते खेळाडू नवख्यांना दोनच साचे सुचवतात. इलेक्ट्रिकमध्ये एम-फोर, ज्यात ‘व्हर्जन टू’ नावाचा गिअरबॉक्स असतो. आणि एकेक गोळी मारायची असेल तर तोक्यो मारुईच्या व्हीएसआर-10 धाटणीची बोल्ट ॲक्शन. या दोन साच्यांना बसणारे भाग कितीतरी कंपन्या बनवतात. एखादी अनोखी दिसणारी रायफल घेतली आणि तिचं रबर फाटलं, तर ती कपाटावर शोभेला उरते.

दुसरं म्हणजे, आत काय आहे हे बघा. बाहेरची बॉडी धातूची आहे की प्लास्टिकची, याने नेमात फरक पडत नाही. पण आतली नळी बाहेरच्या नळीत खुळखुळते का? मॅगझिन हलतं का? हॉप-अपचं चाक फिरवल्यावर जागेवर थांबतं की गोळी मारल्यावर आपोआप सरकतं? हे तीन प्रश्न दुकानातच तपासा.

त्यानंतर अपग्रेड. इथे क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरच्या पायऱ्या स्वस्त आहेत आणि फरकही जास्त पाडतात.

पहिली पायरी : गोळी. बंदुकीबरोबर फुकट मिळणारी 0.20 ग्रॅमची गोळी हलकी असते, जराशा वाऱ्यानेही भरकटते. एक ज्युलच्या बंदुकीत 0.25 किंवा 0.28 ग्रॅमची, गुळगुळीत आणि एकसारखी गोळी वापरून बघा. 0.20 ची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटत असेल, तर तेवढ्याच ताकदीवर 0.28 ची सुमारे 85 मीटरने सुटते. सुरुवातीचा वेग कमी दिसतो, पण जड गोळी तो टिकवून धरते. आणि जमिनीवरून उचललेली गोळी पुन्हा भरू नका. तिच्यावरचा एक ओरखडा किंवा मातीचा कण नळी खराब करतो.

दुसरी पायरी : सफाई. नळी सुती कापडाने पुसून कोरडी करा. सिलिकॉन तेल हॉप-अपच्या रबराला लागलं की रबर गोळीवर घसरतं आणि गोळ्या वाटेल तिथे जातात. ‘नवी बंदूक खराब निघाली’ असं वाटतं तेव्हा अनेकदा कारखान्यातून आलेलं तेलच नळीत असतं.

तिसरी पायरी : हॉप-अप. एअरसॉफ्टच्या नळीत पिळदार खाचा नसतात. त्याऐवजी नळीच्या मागच्या टोकाशी वरच्या बाजूला रबराचा एक छोटा उंचवटा असतो. गोळी त्याला घासून जाते आणि उलटी फिरू लागते. क्रिकेटमध्ये बॅकस्पिन दिलेला बॉल हवेत जरा तरंगतो ना, तसंच. या फिरण्यामुळे गोळी लवकर खाली पडत नाही. हे रबर आणि त्याची डबी हाच एअरसॉफ्टच्या नेमाचा जीव आहे. तिथे चांगलं रबर बसवलं तर जो फरक पडतो, तो महागड्या दुर्बिणीनेही पडत नाही.

चौथी पायरी : हवा कुठे गळते का? पिस्टन, सिलिंडर आणि नोजल यांच्यात फट असेल तर दर वेळी वेगळी हवा गळते आणि दर गोळीचा वेग बदलतो. तपासणी सोपी आहे. सिलिंडर सुटा करून नोजलच्या तोंडावर बोट दाबा आणि पिस्टन ढकला. सायकलच्या पंपाला बोट लावल्यासारखा पिस्टन अडला पाहिजे. सरसर पुढे गेला तर ओ-रिंग बदला.

पाचवी पायरी : नळी. कारखान्यातून येणाऱ्या नळीचं माप साधारण 6.08 मिलिमीटर असतं. अपग्रेड म्हणून 6.03 किंवा 6.01 च्या घट्ट नळ्या मिळतात. पण घट्ट म्हणजे अचूक, असं समीकरण नाही. आतून सरळ आणि गुळगुळीत असलेली 6.05 ची नळी, वाकडी असलेल्या 6.01 पेक्षा केव्हाही चांगली. लांब नळीचंही तेच. सिलिंडरमध्ये हवा तेवढीच असेल तर नळी लांब करून उपयोग नाही.

आणि शेवटची पायरी : स्प्रिंग. बहुतेक जण नेमकी इथूनच सुरुवात करतात.

स्प्रिंग बदलली, पॉवर वाढली, नेम गेला!

जड स्प्रिंग टाकली की पिस्टन जोरात आदळतो. मोटरवर, दात्यांवर ताण येतो. धक्का वाढतो. हॉप-अपच्या रबराने धरलेलं गणित बदलतं. जिथे हवा थोडी गळत होती तिथे जास्त गळते. गोळी लांब जाते हे खरं, पण कुठे जाईल हे सांगता येत नाही.

एअर रायफलचंही असंच. आपल्याकडे जाहिराती ‘हजार फूट प्रति सेकंद’ अशा आकड्यांनी भरलेल्या असतात. शिशाचा छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की हवेत डळमळू लागतो आणि ग्रुप फुटतो. शिवाय स्प्रिंग बदलून 20 ज्युलची रेषा ओलांडली, तर काल सवलतीत बसणारी बंदूक आज विनापरवाना शस्त्र होते. बिल काल घेतलेलं असेल, पण गुन्हा आजचा असतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा ऑलिम्पिकमध्येच आहे. जगातले सर्वोत्तम नेमबाज 10 मीटरवर जी रायफल वापरतात, तिचा छर्रा सेकंदाला सुमारे 170-175 मीटर वेगाने सुटतो. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला हिशेब लावला तर ताकद 8 ज्युलच्या आसपास येते. म्हणजे भारतात विनापरवाना चालणाऱ्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी! लाखो रुपयांच्या या रायफलमध्ये जास्त पॉवर टाकणं कंपनीला अवघड नव्हतं. त्यांनी ती मुद्दाम टाकलेली नाही.

एअर रायफल घ्यायची असेल तर कोणती?

भारतातल्या बहुतेकांसाठी हाच पर्याय जास्त व्यवहार्य आहे. कायदा स्पष्ट आहे, छर्रे मिळतात, दुरुस्ती होते आणि पुढे स्पर्धेचा रस्ता खुला असतो.

यात दोन मुख्य प्रकार.

स्प्रिंगची : नळी वाकवून किंवा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची, चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो आणि हवेने छर्रा सुटतो. स्वस्त, टिकाऊ, हवा भरायची कटकट नाही. महाराष्ट्रातल्या प्रेसिहोल कंपनीच्या एनएक्स 100, एनएक्स 200 या याच जातीच्या. अडचण एकच. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा धक्का बसतो, म्हणून बंदूक दर वेळी एकाच पद्धतीने धरावी लागते. आवळून धरली की नेम सरकतो. पुढचा हात मोकळा, तळव्यावर बंदूक फक्त टेकलेली, ही सवय लागली की याच रायफलचे ग्रुप निम्म्यावर येतात.

पीसीपी : यात टाकीत आधीच हवा भरलेली असते. मॅच रायफलमध्ये ती 200 बारपर्यंत. तुलनेसाठी, कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते. धक्का नगण्य, वेग एकसारखा, म्हणून नेम सोपा. प्रेसिहोलची पीएक्स 100 अकिलीस ही भारतीय पीसीपी. स्पर्धेच्या पातळीवर फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ या जर्मन रायफली चालतात. त्यांची किंमत लाखांत जाते, म्हणून सुरुवातीलाच त्या घेण्यात शहाणपण नाही.

जुनी मॅच रायफल मिळत असेल तर टाकीवर छापलेली तारीख आधी वाचा. अशा टाक्यांची मुदत साधारण 10 वर्षांची असते. मुदत संपलेली टाकी म्हणजे गालाशी धरलेला 200 बारचा धोका. कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

स्प्रिंगच्या रायफलमध्ये या चार गोष्टी बघा. नळी बंद केल्यावर सांध्यात खेळ आहे का? चाप दर वेळी एकाच जागी सुटतो का? बटचे स्क्रू ढिले आहेत का? आणि चाप ओढल्यावर जळक्या तेलाचा वास किंवा धूर येतो का? येत असेल तर आतलं तेल पिस्टनच्या दाबाने पेट घेतंय. आणि कुणी दुकानात छर्रा न भरता स्प्रिंगची रायफल ‘टक’ करून दाखवत असेल, तर ती रायफल घेऊ नका. रिकामी उडवली की पिस्टन थेट धातूवर आदळतो.

दुर्बीण लावायचीच असेल तर एअरगनसाठी बनवलेली घ्या. स्प्रिंगच्या रायफलला आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका असतो, त्यात साध्या दुर्बिणीच्या काचा निखळतात. बाकी 10 मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. तिथे बारीक भोकातून बघायची साईट असते.

500 रुपयांचं अपग्रेड

नवी रायफल आणली की लगेच काही बदलू नका. आधी तीन-चार वेगवेगळ्या छर्ऱ्यांच्या डब्या आणा. सपाट तोंडाचे घ्या, कागदावर गोल आणि स्वच्छ भोक पडतं. एकाच कंपनीचे छर्रेही 4.49, 4.50, 4.51 अशा मापांत मिळतात. हा शतांश मिलिमीटरचा फरक नळीला कळतो.

10 मीटर अंतर मोजा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा. प्रत्येक डबीतून पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन ग्रुप मारा. कागदावर छर्ऱ्याचं नाव लिहा. साध्या स्प्रिंग रायफलचे पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, तर बंदूक शिकायला उत्तम आहे. एकाच बंदुकीतून एका डबीचा ग्रुप दुसरीच्या दुप्पट येतो, हे बघून अनेकांना धक्का बसतो. काही बदलायचं असेल तर त्यानंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

पण खरं अपग्रेड वेगळंच आहे

2022 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत 10 मीटर एअर रायफलचं सोनं ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने जिंकलं. तेव्हा तो 18 वर्षांचा होता. या प्रकारात जगज्जेता झालेला तो अभिनव बिंद्रानंतरचा दुसराच भारतीय. त्याच्या आधी 2002 मध्ये मुंबईच्या अंजली भागवत याच 10 मीटर एअर रायफलमध्ये जागतिक क्रमवारीत पहिल्या होत्या. सुमा शिरूर 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये होत्या, पुढे त्यांनी पनवेलला नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये 50 मीटरमध्ये जगज्जेत्या झाल्या. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं.

म्हणजे अचूक रायफलचं शास्त्र शिकायला महाराष्ट्रातल्या पोरांनी परदेशी यूट्यूब चॅनलच बघायला हवेत असं नाही.

या सगळ्यांच्या सरावात एक गोष्ट असते, जी रीलवर कधीच दिसत नाही. छर्रा न मारता केलेला सराव. रायफलमध्ये त्यासाठीची सोय असते. भिंतीवरच्या ठिपक्याकडे रोखून श्वास सोडायचा, चाप हळू दाबायचा आणि ‘टक’ झाल्यावरही साईट जागेवरून हलली नाही ना, हे बघायचं. मॅच रायफलमध्ये ही सोय असतेच. साध्या स्प्रिंगच्या रायफलवर मात्र हा प्रयोग करू नका, कारण वर सांगितलंय.

संभाजीनगरात सुरुवात कुठून करायची?

बंदूक घेण्याआधी गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. शहरात कुठे 10 मीटरचा सराव चालतो, शालेय नेमबाजी स्पर्धा कधी आहेत, हे तिथे कळेल. कॉलेजात असाल तर एनसीसी आहेच. क्लबमध्ये सुरुवातीला क्लबचीच रायफल मिळते. तीन-चार महिने ती वापरली की आपल्याला जड चालते की हलकी, उजवा डोळा प्रबळ आहे की डावा, बट किती लांब हवा, हे आपोआप समजतं. मग घेतलेली रायफल चुकत नाही. आणि तीन महिन्यांत नाद उतरला, तर वीस हजार खिशातच राहतात!

घरी सराव करायचा असेल तर समोर पक्की भिंत आणि छर्रा अडवणारी पेटी हवी. बाजूला दार, खिडकी, येण्या-जाण्याचा रस्ता नको. चष्मा किंवा गॉगल डोळ्यांवर हवाच. छर्रा शिशाचा असतो, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नका. कबुतर, पोपट, खार यांच्यावर तर चुकूनही रोखू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्याला एअरगन माफ नाही. आणि गच्चीवर सराव करण्याचा विचार मनातून काढून टाका. एका चुकलेल्या छर्ऱ्यात शेजारच्या पोराचा डोळा जातो. त्याची भरपाई होत नाही.

पंधरा-वीस हजार रुपयांत खऱ्यासारखी दिसणारी बंदूक मिळेल, रीलही होईल आणि कदाचित पोलीस ठाण्यात एक चक्करही. तेवढ्याच पैशांत साधी, लाकडी बटची, कमी ताकदीची स्प्रिंग रायफल, चार डब्या छर्रे आणि काही महिन्यांची क्लबची फी भागू शकते. पहिल्या महिन्यात कागदावर विखुरलेली भोकं दिसतील. तो कागद तारीख टाकून जपून ठेवा. सहा महिन्यांनी दुसरा कागद त्याच्या शेजारी लावा. भोकं जवळ आलेली दिसली, तर समजा रायफलची निवड बरोबर होती.